एकवीस दिवसांची पाटीलकी

माझा नवरा बेळगावात मराठी शाळेवर मास्तर होता. लिहायला-वाचायला मला त्यानंच शिकवलं. प्लेगच्या साली आमच्या आळीत उंदीर पडायला लागले तेव्हा लोक घरं सोडून माळावर जाऊ लागले. परीक्षा तोंडावर आहेत, आठ दिवसांनी निघू, असं तो म्हणाला आणि मी गप्प राहिले. सहाव्या दिवशी त्याच्या जांघेत गाठ आली, नवव्या दिवशी तो गेला. मूलबाळ नव्हतं. मी माहेरी परतले.

माहेर निपाणीपासून चार कोसांवर. तीनशे-साडेतीनशे उंबऱ्यांचं गाव, पूर्वेला ओढा, ओढ्यापलीकडं माळ. पाटीलकी आमच्या घराण्यात होती आणि त्या वेळी ती माझ्या थोरल्या भावाकडं होती. आम्ही दोघी बहिणी त्याला अण्णा म्हणायचो. आई-वडील लवकर गेल्यामुळं धाकटीला त्यानं आणि मी मिळून वाढवलं होतं. ती मला आक्का म्हणायची. तिचं लग्न तीन कोसांवरच्या एका गावात, बऱ्यापैकी तंबाखू पिकवणाऱ्या घरात झालं होतं.

मी परत आल्यावर अण्णानं मला रडत बसू दिलं नाही. कुलकर्ण्यांनी लिहिलेले कागद तो माझ्याकडून वाचून घ्यायचा. त्याला सही करता यायची, पण वाचायला वेळ लागायचा. चिकोडीच्या मामलेदार कचेरीतून काही आलं की तो मला हाक मारायचा. जन्म-मृत्यूची नोंद, वाटसरूंची चौकशी, कुणाच्या बांधाचा तंटा, हे सगळं असं माझ्या कानावरून जाऊ लागलं. त्यातलं किती डोक्यात राहतंय याचा मला अंदाज नव्हता.

तीन वर्षांनी, दसऱ्याच्या आधी दहा दिवस, देवळामागच्या एका कोष्ट्याच्या घरात मागाच्या खड्ड्यात दोन उंदीर मरून पडलेले सापडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरात चार. कुलकर्णी त्याच संध्याकाळी बायकामुलांना गाडीत घालून बेळगावला पाहुण्यांकडं गेले. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना जायला जागा होती.

अण्णानं गाव उठवायचं ठरवलं. पण दवंडी द्यायच्या आतच त्याला थंडी वाजून ताप भरला. काखेत गाठ होती. मी हात लावून पाहिलं तेव्हा तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

"तीच हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

त्यानं हात खाली घेतला. मग म्हणाला, "चौघांना बोलव. आत नको. अंगणात लांब उभं राहू देत."

गावची चार जाणती माणसं आली. त्यांत आमचा चुलतभाऊही होता. पाटीलकीवर त्याचा डोळा होता हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. अण्णाच्या मागं त्याचा मुलगा होता, पण तो तेव्हा पाळण्यात होता. अण्णा खांबाला धरून ओसरीवर आला. उभं राहायला जमेना, तेव्हा पायरीवर बसला.

"मी बरा हुईस्तवर माझं काम आक्का बघंल," तो म्हणाला. "तिचा शब्द त्यो माझा शब्द. सनदी तिच्या हुकमात राहतील."

सनदी म्हणजे पाटलाच्या हाताखालचे गावचे शिपाई. आमच्याकडं दोन होते, एक म्हातारा आणि एक पोरसवदा.

चुलतभाऊ म्हणाला, "बाईमाणूस चावडीवर बसणार व्हय? त्यातनं विधवा."

"चावडीवर कोण बसतंय? चावडीबी रिकामी करायची हाय," अण्णा म्हणाला. "तुला दिली असती, पर तू परत दिली नसतीस."

इतकं उघड तो एरवी बोलला नसता. तापामुळं बोलला असावा. चुलतभाऊ निघून गेला. अण्णानं माझ्याकडून मामलेदारांना पत्र लिहून घेतलं आणि कशीबशी सही केली. नंतर मला म्हणाला, "मी केलं असतं ते कर. दर येळी मला इचारत बसू नको. मला शुद्ध राहील न राहील."

मी त्या दिवशी काहीच विचार केला नाही. बेळगावातले ते आठ दिवस माझ्या डोळ्यांसमोर होते. दुपारी दवंडी दिली. दोन दिवसांत गाव रिकामं झालं पाहिजे, प्रत्येकानं आपापल्या शेतात खोप घालावी, घराची कौलं उतरून ऊन आत येऊ द्यावं, धान्य उन्हात घालूनच न्यावं. ज्यांना शेत नव्हतं त्यांच्यासाठी गावच्या पश्चिमेला गायरानात जागा आखून दिली. कोष्टी मंडळी मागावरचं अर्धं लुगडं सोडून निघायला तयार होईनात. मी स्वतः त्यांच्या दारात गेले. तिथल्या म्हाताऱ्या विणकरानं मला विचारलं, "हे परत विणायला बसंन तवा ह्यो ताणा सरळ राहील काय?" मी म्हटलं, "न्हाय राहणार. पर तुमी राहशीला." त्यानं मागाला हात जोडले आणि निघाला.

दुसरा हुकूम मी तिसऱ्या दिवशी काढला. बाहेरगावाहून, म्हणजे जिथं प्लेग आहे अशा गावाहून जो येईल, त्यानं ओढ्यापलीकडं माळावर दहा दिवस राहायचं. तिथं तीन खोपी घालून दिल्या. शिधा-पाणी ओढ्याच्या काठावर ठेवायचं, पलीकडच्यांनी येऊन न्यायचं. अलीकडचं माणूस पलीकडं गेलं तर त्यानंही दहा दिवस तिथंच राहायचं.

मामलेदारांचं उत्तर सहाव्या दिवशी आलं. पाटील बरे होईपर्यंत त्यांच्या बहिणीनं काम पाहण्यास हरकत नाही; मात्र जे घडेल त्यास पाटील जबाबदार राहतील. अण्णा तेव्हा ग्लानीत होता. मी ते वाचून त्याच्या उशाखाली ठेवलं. जबाबदार या शब्दाचा माझ्याशी काही संबंध आहे असं तेव्हा मला वाटलं नाही.

ओढ्यापलीकडं पहिली गेली ती एका कुणब्याची म्हातारी आई. लेकीकडं गेली होती, परत आली. मुलगा माझ्यापुढं आला आणि म्हणाला, "पाटलीणबाई, आईला दिसत न्हाय नीट. मला अलीकडं आणू द्या." मी नाही म्हटलं. तो वाकून नमस्कार करून गेला आणि आईची भाकरी स्वतः ओढ्यावर ठेवू लागला. रोज दोन्ही वेळा. तिला दिसावं म्हणून काठीला लाल फडकं बांधून तो ती हलवायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरसवदा सनदी पळत आला. म्हणाला, "ओढ्यावर गाडी आलीया. धाकट्या आक्का हाइत."

मी गेले. ओढा गुडघाभर होता. पलीकडच्या काठावर बैलगाडी उभी होती आणि माझी बहीण गाडीतून उतरून उभी होती. तिला सातवा महिना होता. कपाळ पुसलेलं होतं. ते बघून तिनं सांगायच्या आधीच मला कळलं.

"आक्का, चार दिवस झालं," ती म्हणाली. "सासूबी गेली. घरात आता कोण न्हाय. मी आले."

गाडीवान ओढ्यात बैल घालायला लागला. मी हात वर केला.

अलीकडच्या काठावर पाच-सहा माणसं जमली होती. तो कुणबीही होता, हातात आईची भाकरी घेऊन. कुणी काही बोललं नाही. ती माणसं बोलली असती, पाटलाची बहीण हाय, येऊ दे म्हणाली असती, तर मी काय केलं असतं मला सांगता येत नाही. पण त्यांनी सगळं माझ्यावर सोडलं होतं.

"तिथंच थांब," मी म्हटलं. "दहा दिवस त्या खोपीत राहा. सगळं पाठवते."

तिला वाटलं मी गाडीवानाला सांगते आहे. ती पाण्यात पाय घालू लागली. म्हाताऱ्या सनद्यानं अलीकडून हात जोडले. "धाकट्या आक्का, नियम हाय. अण्णांची चावडी हाय."

"अण्णा कुठं हाय?" तिनं विचारलं.

"तापात हाय," मी म्हटलं.

तिनं गाडीतलं बोचकं उचललं. मग वळली आणि खोपीकडं गेली. ती चालत असताना मला दिसलं की तिच्या पायात काही नव्हतं. वहाणा मी दुपारी शिध्याबरोबर पाठवल्या.

शेतातल्या आमच्या खोपीवर येऊन मी अण्णाजवळ बसले. तो डोळे मिटून पडला होता. विचारू नको असं त्यानं सांगितलं होतं, तरी मी विचारलं. "अण्णा, धाकटी आलीया. ओढ्यापल्याड ठेवली. बरोबर केलं काय?" त्याला कळलं नाही. त्यानं पाणी मागितलं.

पाच दिवस ती बरी होती. सकाळ-संध्याकाळ मी ओढ्यावर जायची, ती खोपीच्या दाराशी येऊन बसायची. मधे पाणी, त्यामुळं ओरडून बोलावं लागायचं आणि असलं बोलणं ओरडून होत नाही. जेवलीस काय, झोप लागती काय, एवढंच. म्हातारी तिच्याजवळ असायची. दोघी एकाच खोपीत निजू लागल्या होत्या.

सहाव्या दिवशी दुपारी म्हातारी ओढ्यावर आली आणि हाका मारू लागली. पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या.

गावची सुईण गायरानात राहत होती. तिला पलीकडं जायचा हुकूम मी देऊ शकत होते. पण तिच्याही घरात लहान लेकरं होती, आणि ज्या माळावर आजारी गावातली माणसं होती तिथं तिला जा म्हणायला माझी जीभ रेटेना. मी तिच्याकडं जाऊन नुसतं काय झालंय ते सांगितलं. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, थोरल्या लेकीला काही सांगितलं आणि निघाली.

मी स्वतः जाऊ शकत होते. हे मला लिहिलंच पाहिजे. मी म्हाताऱ्या सनद्याला विचारलं, "दहा दिवस तू गाव बघशील काय? मी पल्याड जाते."

तो म्हणाला, "मला कोण मानतंय? आज तुमी गेलासा की उद्या तुमचं चुलतभाऊ चावडी उघडतील. गाव सांजच्याला घराकडं परतंल. आताच निम्मी माणसं कौलं घालायला बघायल्यात."

ते खरं होतं. आठ दिवस अंगावर घेतलेल्या पावसानं लोक कंटाळले होते. अण्णानं दिलेलं काम मी पुढं कुणाला देऊ शकत नव्हते. मी ओढ्याच्या अलीकडं उभी राहिले. दुपार सरेपर्यंत उभी होते. एकदा तिनं हाक मारली. "आक्का" एवढीच. ती मला स्पष्ट ऐकू आली. मी "हाय हितंच" असं ओरडले. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचला की नाही मला ठाऊक नाही.

मुलगा झाला. घटकाभर जगला. सुईणीनं त्याला माळावरच पुरलं.

दहा दिवस भरल्यावर बहीण अलीकडं आली, म्हातारीचा हात धरून. म्हातारीचे दिवस आधीच भरले होते, पण ती बहिणीसाठी थांबली होती. म्हातारीचा मुलगा आईच्या पाया पडला. बहीण माझ्याजवळून गेली आणि आमच्या शेतातल्या खोपीत जाऊन निजली. त्या साली ओढ्यापलीकडं कुणालाच गाठ आली नाही. गाडीवानाला नाही, म्हातारीला नाही, बहिणीला नाही, सुईणीला नाही. अलीकडं आमच्या गावात नऊ माणसं गेली. ती सगळी दवंडीच्या आधी किंवा त्या दोन दिवसांत लागण झालेली होती. आजूबाजूच्या गावांची दशा बघता नऊ हा आकडा लहान होता असं सगळे म्हणाले. मी माळावरचा आकडा त्यात मिळवते. तो कुणी मिळवला नाही.

अण्णाची गाठ फुटली आणि तो वाचला. एकविसाव्या दिवशी काठी टेकत तो खोपीबाहेर आला आणि मी त्याला सगळं सांगितलं, क्रमानं. मी बहिणीचं सांगत होते तेव्हा तो खाली बघत होता.

"मी असतो तर तिला आणली असती," तो म्हणाला.

मला वाटलं तो मला बोल लावतो आहे. पण तो पुढं म्हणाला, "मग त्या कुणब्याला तोंड दाखवता आलं नसतं. गाव त्याच दिवशी फुटलं असतं."

चुलतभावानं अर्ज केला होता. विधवा बाईनं पाटीलकी चालवली, गरोदर बाईला माळावर टाकली, पोर मेलं. मामलेदार चौकशीला आले. चावडीपुढं घोंगडं अंथरलं होतं. अण्णाला त्यांनी बसायला सांगितलं, तो उभाच राहिला. बहिणीलाही बोलावलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, अंगात रक्त नसल्यासारखी.

मामलेदारांनी शांतपणे विचारलं, "गरोदर बाईला ओढ्यापलीकडे ठेवण्याचा हुकूम कुणाचा?"

"माझा," अण्णा म्हणाला.

"आपण आजारी होता."

"ताप हुता साहेब, पर शुद्धीवर हुतो. बहीण आल्याचं मला कळवलं. मी म्हटलं, तिलाबी नियम. आक्का नको म्हणत हुती. मीच ऐकलं न्हाय."

मामलेदारांनी माझ्याकडं पाहिलं. "असंच घडलं?"

बहीण माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "व्हय."

त्यांनी लिहून घेतलं, गाव वेळेवर उठवल्याबद्दल दोन बरे शब्द बोलले आणि घोड्यावर बसून गेले. बहीण त्या दिवसापासून अण्णाशी बोलली नाही. दोन महिन्यांनी ती निपाणीला गेली. तिथं एका वखारीत बायका तंबाखूची पानं निवडायच्या, त्यांत ती बसू लागली. एका खोलीत राहू लागली. अण्णानं माणूस पाठवला, धान्य पाठवलं, दोन्ही परत आलं.

मला मात्र ती भेटायची. निपाणीच्या बाजाराच्या दिवशी मी जायची आणि आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर बसायचो. ती वखारीतल्या बायकांच्या गोष्टी सांगायची. तिच्या बोटांना तंबाखूचा वास असायचा, तिला खोकला लागला होता. अण्णाचं नाव ती काढायची नाही. मीही काढायची नाही. असं बारा-तेरा वर्षं चाललं. प्रत्येक वेळी परत येताना मी ठरवायची की पुढच्या बाजारी सांगायचं, आणि पुढच्या बाजारी तिच्याजवळ बसलं की ती जवळीक गमवायची माझी तयारी नसायची. अण्णाच्या जिवावर मी तिची बहीण राहिले होते.

अण्णाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं मला अक्षता घेऊन पाठवलं. बहिणीनं अक्षता घेतल्या नाहीत. "त्याच्या दारात मी येणार न्हाय," ती म्हणाली.

मी सांगितलं. अण्णाला शुद्ध नव्हती, हुकूम माझा होता, मामलेदारांपुढं तो खोटं बोलला आणि मी हो म्हटलं.

मग तिनं विचारलं, "सुईणीला तू धाडलीस, का ती आपणहून आली?"

"आपणहून."

"आणि तू?"

"गाव कुणाच्या हातात देणार हुते?"

"मला गावाचं काय ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "मी आक्काला हाक मारलती."

तिनं माझ्या मांडीवरच्या अक्षता उचलल्या, पदरात बांधल्या आणि उठून गेली.

घरी येऊन मी अण्णाला सांगितलं. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तो चिडला. मला आठवतंय तेवढ्यात तो माझ्यावर फक्त त्या दिवशी चिडला. "तुला कुणी सांगितलं बोलायला?" तो म्हणाला. "मी तुला काम दिलतं. दोष दिला न्हवता. त्यो माझ्याकडं ऱ्हायाचा. कागदावर तसंच लिहून आलतं की."

"तिला तू हवा हुतास, अण्णा," मी म्हटलं.

"आणि तुला ती नको हुती व्हय?"



लग्नाला ती आली. मांडवात अण्णा पाहुण्यांना पान-सुपारी देत होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. मग अण्णानं तबक खाली ठेवलं आणि तिचे हात हातात घेतले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, मी स्वयंपाकाकडं होते. जेवणाच्या पंगतीत ती माझ्याकडून भात घेण्याऐवजी पुढच्या बाईनं वाढेपर्यंत थांबली. मला ते योग्य वाटलं.

दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. अण्णाकडं यायची, वहिनीशी बोलायची, पोरांचे लाड करायची आणि मी आले की उठायची. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस निपाणीहून निरोप आला की तिला हिवताप झाला आहे. मी कुणाला न विचारता गेले. खोलीत ती एकटी होती. मला बघून तिनं भिंतीकडं तोंड केलं. मी चूल पेटवली, पेज केली, तिची कापडं धुतली. एक दिवसाआड तिला थंडी भरून यायची, मी तिच्यावर घोंगडी टाकून वरून धरून बसायची. ती मला हाकलत नव्हती, एवढंच.

पाचव्या का सहाव्या दिवशी ताप उतरला होता. ती उठून बसली. केसांचा पार गुंता झाला होता. थोडा वेळ ती दाराबाहेरच्या उन्हाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं पाठ करून बसली.

"डोकं विंचरून दे," ती म्हणाली.

मी फणी शोधली. गुंता सोडवायला दुपारपर्यंतचा वेळ लागला. दुखलं की ती डोकं जरा पुढं घ्यायची आणि परत मागं आणायची. ती बरी होईपर्यंत मी तिथं राहिले. निघताना तिनं मला वाटेसाठी शेंगा बांधून दिल्या. माळावरच्या त्या दुपारविषयी आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.